वाट दाखविणारे यंत्र आणि आमच्या दुकानाचा ओटा

व्यापार-उद्योगाच्या या पानावर सुताचे भाव, कराचे नियम, नवे माग आणि बाजारातील तेजी-मंदी यांची चर्चा नेहमी होते. या वेळी आम्ही ज्या यंत्राबद्दल लिहीत आहोत ते कापड विणीत नाही की शिवीत नाही. ते अंगावर बांधावयाचे असते आणि ज्याला दिसत नाही अशा माणसाला वाट दाखविणे हे त्याचे काम. अशा यंत्राशी आम्हा कापडवाल्यांचा काय संबंध, असे वाचक बंधूंना वाटेल. सहा महिन्यांपूर्वी आम्हालाही तसेच वाटत होते.

आमच्या दुकानासमोर एक कटिंग मास्टर तीस वर्षे बसत असत. जुन्या नाशकात पठाणी आणि शेरवानीचे माप त्यांच्याकडेच द्यावयाचे, असा रिवाज होता. त्यांना काचबिंदू झाला. हा आजार मोठा दगाबाज असतो. समोरचे दिसत राहते आणि बाजूची नजर हळूहळू विझत जाते, त्यामुळे आपले काही गेले आहे हे माणसाला पुष्कळ दिवस कळतच नाही. मास्टरांच्या टेबलाच्या कडेला ठेवलेली कात्री त्यांच्याच कोपराने खाली पडू लागली, गिऱ्हाइकाला खांदा लागू लागला. आम्ही सारे हसत होतो की मास्टर आता म्हातारे झाले. डॉक्टरांकडे गेले तोवर फार उशीर झाला होता. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. औषधाने फार तर उरलेली टिकविता येते.

मास्टरांचे दुकान बंद झाले. नातू शाळेतून आला की त्याचा हात धरून ते असरच्या नमाजला येत. नातू दहावीला गेला, त्याच्या शिकवण्या सुरू झाल्या आणि तेही थांबले. रस्त्याच्या पलीकडे राहणारा माणूस आम्हाला केवळ शुक्रवारी दिसू लागला.

मग पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या भाच्याने मनगटावर बांधावयाचे एक यंत्र पाठविले. घड्याळाएवढेच. समोर भिंत, खांब किंवा माणूस आला की ते मनगटावर थरथरते. अडथळा जवळ आला की थरथर वाढते. मास्टर आम्हाला म्हणाले, ‘सेठ, एक दिवस माझ्यासोबत मशिदीपर्यंत चला. हात धरायचा नाही, फक्त मागे चाला.’ त्या एका फेरीत जे पाहिले त्यातून हा लेख झाला.

यंत्र चालते कसे?

या साधनांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार अडथळा सांगतो, दुसरा दिशा सांगतो.

पहिल्या प्रकारात यंत्र आपल्या कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज समोर फेकते. तो समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो. वटवाघूळ अंधारात याच पद्धतीने उडते. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३ मीटरवरच्या खांबाला धडकून परत यावयास त्याला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. हा वेळ मोजून यंत्र अंतर काढते आणि थरथरीने ते माणसाला कळविते.

दुसऱ्या प्रकारात उपग्रहाकडून जागा आणि मोबाइलमधून नकाशा घेतला जातो. डावीकडे वळावयाचे असेल तर अंगाच्या डाव्या बाजूला, उजवीकडे असेल तर उजव्या बाजूला थरथर होते. आवाजाऐवजी थरथर का, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याचे कारण मास्टरांनीच सांगितले. ज्याची नजर गेली त्याचा कान हाच डोळा असतो. त्या कानात यंत्राची बडबड भरली तर मागून येणारी रिक्षा कशी ऐकू येणार? आता तर विजेवर चालणाऱ्या रिक्षा रस्त्यावर आल्या आहेत, त्यांचा आवाज मुळातच कमी. म्हणून कान मोकळा ठेवून कातडीला निरोप द्यावयाचा, ही यातली खरी अक्कल आहे.

कारागिराच्या घरातून आलेली विद्या

या विद्येचा इतिहास पाहिला तर त्यात पदोपदी कारागीर भेटतात. उठावाच्या ठिपक्यांची ब्रेल लिपी देणारा फ्रान्सचा लुई ब्रेल (१८०९–१८५२) हा खोगीर आणि घोड्याचे चामडी सामान बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. तीन वर्षांचा असताना बापाच्याच कारखान्यात टोच्याने खेळताना डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने आपल्या लिपीचा आराखडा तयार केला. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना एका गोष्टीचे नवल वाटेल. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे वाचतो, पण ब्रेलमधील उर्दू डावीकडून उजवीकडे वाचली जाते.

पांढऱ्या काठीची कथाही साधीच आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या जेम्स बिग्ज यांची नजर अपघातात गेली. गाडीवाल्यांना आपण दिसावे म्हणून १९२१ मध्ये त्यांनी आपली काठी पांढऱ्या रंगाने रंगविली. ती काठी पुढे डावी-उजवीकडे फिरवीत चालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी बसविली. आज १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस म्हणून पाळला जातो.

काठीची एक मर्यादा आहे. ती जमिनीवरचे सांगते, छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवरचे सांगू शकत नाही. झाडाची फांदी, उघडी खिडकी, मालमोटारीचा मागे आलेला पत्रा यांच्या खालून काठी निघून जाते आणि माणूस आदळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६०च्या दशकापासून प्रयत्न झाले. लेस्ली के या संशोधकाने प्रथम हातातील आवाजी बॅटरी आणि नंतर त्याच तत्त्वावर चष्मा तयार केला.

आपल्या देशात या कामी दिल्लीच्या आयआयटीने मोठी मजल मारली. प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘स्मार्टकेन’ नावाचे साधन तयार केले. ते नेहमीच्या घडीच्या काठीच्या मुठीवर बसते आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा ३ मीटरपर्यंत सांगते. सक्षम ट्रस्ट ही संस्था आणि चेन्नईची फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स ही कंपनी त्यात सामील झाली. २०१४ मध्ये ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत तीन हजार रुपयांच्या आसपास ठेवली होती. परदेशी मालाची किंमत याच्या कितीतरी पट होती. व्यापाऱ्याने यातून एक धडा घ्यावा. गिऱ्हाइकाची ऐपत आधी पाहिली आणि यंत्र त्या किमतीत बसविले.

हैदराबाद-सिकंदराबादच्या दोघा तरुणांनी, अनिरुद्ध शर्मा आणि क्रिस्पियन लॉरेन्स यांनी, पायातल्या जोड्यातच हे यंत्र बसविले. त्याचे नाव ‘ले चल’. नकाशा मोबाइलमध्ये, निरोप पायाला. डावा जोडा थरथरला की डावीकडे वळा, उजवा थरथरला की उजवीकडे. २०१४ मध्ये या जोड्याची जगभर चर्चा झाली.

जर्मनीतील ओस्नाब्रुक विद्यापीठात प्राध्यापक पीटर केनिग यांच्या चमूने कंबरपट्टा केला. पट्ट्यात चोहोबाजूंनी लहान मोटरी असतात आणि जी मोटर उत्तरेकडे असेल तीच थरथरते. माणूस कसाही वळला तरी उत्तर त्याच्या कमरेला कळत राहते. नमाजी माणसाला याचे महत्त्व सांगावयास नको. दिशा एकदा कळली की किब्लाही कळतो. न्यूयॉर्कच्या २०१७च्या मॅरेथॉनमध्ये सायमन व्हीटक्रॉफ्ट हे अंध धावपटू मनगटावर अशाच थरथरत्या पट्ट्याचे साधन बांधून उतरले होते. स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने खांद्यावर घ्यावयाचे साधन केले आहे. त्यात कॅमेरे आहेत आणि ते पुढचा खड्डा, पायरी, धावती सायकल ओळखून सांगते.

मोबाइलनेही मोठे काम केले. डेन्मार्कचे हान्स योर्गन व्हिबर्ग हे फर्निचरचे काम करणारे कारागीर. त्यांची स्वतःची नजर कमी. त्यांनी २०१५ मध्ये ‘बी माय आइज’ हे साधन सुरू केले. अंध माणूस मोबाइलचा कॅमेरा समोर धरतो आणि जगातला कोणी डोळस स्वयंसेवक पाहून सांगतो की डब्यात साखर आहे की मीठ. २०२३ पासून हेच काम संगणकाची कृत्रिम बुद्धीही करू लागली. कॅमेरा असलेले चष्मेही आता निघाले आहेत.

नाशिक यात मागे नाही

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नये. अंधांच्या राष्ट्रीय संस्थेचे, म्हणजे १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचे, महाराष्ट्र युनिट आपल्या सातपूरलाच आहे. आमचे निम्मे आयुष्य नाशकात गेले, सातपूरला मालाच्या गाड्या घेऊन शेकडो वेळा जाणे झाले, पण त्या फाटकाच्या आत आम्ही कधी डोकावलो नव्हतो.

अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये नाव काढलेले रमेश रासकर हे नाशिकचेच. मोबाइलला जोडून डोळ्याचा नंबर काढणारे साधन त्यांच्याच कामातून आले. २०१६ मध्ये त्यांना लेमेलसन-एमआयटीचे पाच लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. २०१५च्या सिंहस्थाच्या तयारीत त्यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरले आणि शहरातील तरुणांनी शहराच्या अडचणींवर यंत्रे बनविली. त्यातच निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी पायाखाली अंथरावयाची एक चटई तयार केली. तिच्यावरून किती माणसे गेली हे ती मोजते. गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये हा हेतू. पुढे टाटा कन्सल्टन्सीच्या फाउंडेशनने नाशकात ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र काढले. सांगण्याचा मतलब असा की, या शहरात डोके आहे, हात आहेत आणि कापडही आहे. फक्त तिघांची गाठ पडावयाची आहे.

तीनशे दहा पावलांची फेरी

आता त्या फेरीकडे वळू. मास्टरांच्या घरापासून मशिदीपर्यंत त्यांनी स्वतः मोजलेली तीनशे दहा पावले. नजर होती तेव्हा हा रस्ता आम्ही दोघे गप्पा मारीत पार करीत असू.

एका हातात काठी, दुसऱ्या मनगटावर यंत्र. पहिली साठ-सत्तर पावले त्यांच्या गल्लीची. तेथे यंत्राने आपले काम चोख केले. एक उभी मोटारसायकल, एक विजेचा खांब, दोन्ही वेळा मास्टर हात न लावता बाजूने निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते आम्ही वर्षभरात पाहिले नव्हते.

मग बाजार लागला. यंत्र थरथरू लागले ते थांबेचना. उजवीकडे बुरख्याचे हँगर, डावीकडे चपलांचे टेबल, पुढे हातगाडी, तिच्यामागे रिकामे खोके, मग आईसक्रीमवाल्याचा फलक. यंत्राचे काही चुकत नव्हते, ते खरेच सांगत होते. पुढे अडथळा, बाजूला अडथळा, त्यामागेही अडथळा. शेवटी मास्टरांनी ते बंद केले. म्हणाले, ‘हे खरे बोलते, पण याचे ऐकले तर घरीच बसावे लागेल.’

तेथून ते जुन्या सवयीवर चालले. बेकरीचा वास आला की वळण, शिलाई मशिनींचा आवाज आला की ओळीची पाच दुकाने. अशा खुणा प्रत्येक अंध माणूस मनात जपतो. यंत्र नव्हते तेव्हा अख्खे नाशिक अशाच खुणांवर ओळखता येत होते. तांबट गल्लीतले हातोड्याचे ठोके, फुलबाजाराचा वास, अजानची दिशा. उपग्रहाचा नकाशाही याची बरोबरी करू शकत नाही. मोकळ्या मैदानात उपग्रह चार-पाच मीटरच्या फरकाने जागा सांगतो. जुन्या वाड्यांच्या अरुंद गल्लीत भिंतींवरून लहरी परततात आणि फरक आणखी वाढतो. गाडीवाल्याला दहा पावलांचा फरक चालतो. अंध माणसासाठी तोच फरक म्हणजे मशिदीच्या दाराऐवजी उघडे गटार.

आणि मग आमचे दुकान आले. आमच्या दुकानाच्या छज्जाला पुढे एक लोखंडी नळी आहे. तिच्यावर कुर्ते टांगलेले असतात. नळीचे टोक ओट्याच्या पुढे दोन हात येते, उंची नेमकी कपाळाची. काठी खालून निघून गेली. यंत्र बंद होते. नळीचे टोक मास्टरांच्या भुवईवर बसले.

तीन टाके पडले. दवाखान्यात बसले असता मास्टर आमच्यावर रागावले नाहीत. उलट म्हणाले, ‘सेठ, ती नळी मीच बसवून दिली होती. आठवते? ईदचा सीझन होता.’ आम्हाला आठवत होते. माल दिसला तर विकला जातो, हे आम्हीच त्यांना सांगितले होते.

दीन काय सांगतो?

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (र.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे अंध सहाबी होते. कुरआनच्या ८०व्या सूरहचा, सूरह अबसचा, प्रसंग त्यांच्याशी जोडलेला आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. ते मदीनेचे मुअज्जिन होते आणि प्रेषित (स.) प्रवासाला गेले असता मदीनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपविली गेली होती. म्हणजे अंध माणसाला त्या समाजाने कोपऱ्यात बसविले नव्हते, त्याच्यावर काम सोपविले होते.

हदीसमध्ये येते की, मशिदीपर्यंत नेणारा कोणी नाही, तेव्हा घरीच नमाज पढण्याची सवलत मिळावी, अशी विनंती त्यांनी केली. प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले की, अजान ऐकू येते काय? येते म्हटल्यावर, तर मग यावे, असे फर्माविले. यातील फिकहचा तपशील, कोणाला सवलत आहे आणि कोणाला नाही, हे सांगणे आलिमांचे काम आहे. आम्हा दुकानदारांनी फक्त एवढे पाहावे की, त्या अंध सहाबींचा प्रश्न चौदाशे वर्षांनी आमच्या दारात तसाच उभा आहे. अजान ऐकू येते, वाट सापडत नाही. आणि त्यांच्या वाटेवर आमचे हँगर नव्हते.

वाटेतील इजा देणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, ही शिकवण आम्ही मदरशात लहानपणी पाठ केली आहे. काटा किंवा दगड दिसला तर आम्ही तो उचलतोही. स्वतःच्या मालाचा मात्र आम्हाला काटा वाटत नाही.

जपानमधील सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये अंधांच्या पायाला कळाव्या अशा उठावाच्या फरश्या तयार केल्या. ओकायामा शहरात १९६७ मध्ये त्या प्रथम बसल्या. आपल्या मोठ्या शहरांतील पदपथांवर आणि रेल्वे फलाटांवर दिसणाऱ्या पिवळ्या फरश्या त्याच. त्या शोभेसाठी नाहीत. त्यांवर माल मांडणे, गाडी लावणे म्हणजे अंध माणसाचा रस्ता खोदून ठेवण्यासारखे आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने रस्ते आणि सार्वजनिक जागा अशा माणसांना वापरता येतील अशा करणे बंधनकारक केले आहे. कायदा पालिकेला बांधतो हे खरे, पण पालिकेने बसविलेल्या फरशीवर खोका ठेवणारा हात आमचाच असतो.

धंद्याच्या दृष्टीने

२०११च्या जनगणनेत देशात पाहण्याचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. मधुमेह आणि वाढते वय यांमुळे हा प्रश्न कमी होणारा नाही. एवढी गिऱ्हाइके असलेल्या मालाकडे व्यापारी म्हणूनही पाहिले पाहिजे.

अंगावरची ही यंत्रे करणारे बहुतेक इंजिनीयर आहेत. त्यांना चिप कळते, पण कापड कळत नाही. मास्टरांच्या यंत्राचा पट्टा आम्ही हातात घेऊन पाहिला. खरखरीत प्लास्टिकचा. नाशिकच्या मे महिन्यात घामाने त्याखाली पुरळ उठेल. धुवावयाचा कसा, ते कळत नाही. मास्टर स्वतः म्हणाले, ‘आतून सुती अस्तर हवे होते.’ नजर गेली, पण बोटांचे ज्ञान गेले नाही.

कंबरपट्टा असो वा खांद्यावरची पट्टी, तिच्यात शिवणकामाचे चार प्रश्न असतात. एक, पट्टा अंगाला घट्ट बसला पाहिजे, नाहीतर थरथर कातडीपर्यंत पोहोचत नाही. आणि तरीही सहा तास बांधून रुतता कामा नये. दोन, मोटर आणि बॅटरी काढून कापड धुता आले पाहिजे, म्हणजे कप्पे हवेत. तीन, कोणती बाजू वर, कोणती आत, हे बोटाला कळले पाहिजे. तेथे एक उठावाचा टाका पुरतो. चार, वीज वाहणारा चांदीचा थर दिलेला धागा वापरला तर तो धुण्याने क्षीण होत जातो, म्हणून तार आणि शिलाई वेगळी ठेवणे बरे. हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटण्याआधी टेलरच्या टेबलावर सुटतील. मालेगावात कापड आहे, नाशकात इंजिनीयरिंगची महाविद्यालये आहेत आणि आमच्या प्रत्येक मोहल्ल्यात रिकाम्या हाताने बसलेले दोन तरी मास्टर आहेत. कोणी महाविद्यालयाच्या दारात जाऊन ‘तुमच्या यंत्राचा पट्टा आम्ही शिवतो’ एवढे म्हणावयाचे आहे.

अंध माणूस केवळ मदत घेणारा नाही, हेही ध्यानात घ्यावे. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांनी नजर गेल्यावर मेणबत्त्यांचा उद्योग उभा केला आणि त्यात अनेक अंध कामगारांना काम दिले. आंध्रचे जन्मांध श्रीकांत बोल्ला यांनी हैदराबादेत बोलँट इंडस्ट्रीज उभारली. आमचे मास्टर आजही हात फिरवून सांगतात की हे कापड साठ टक्के पॉलिस्टर आहे आणि ठोकवाला सुतीच्या नावाने ते देतो आहे.

दुकानात अंध गिऱ्हाईक आले तर काय करावे, हेही व्यापाऱ्याला माहीत असावे. नोटा आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापल्या जातात. १९२८ पासूनची ती परंपरा आहे. त्या नोटांवर अंधांसाठी उठावाच्या खुणा असतात. सध्याच्या शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि कडेला चार तिरप्या रेघा, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा. नोट जुनी, मळकी झाली की हा उठाव बसून जातो. म्हणून अंध गिऱ्हाइकाला सुटे देताना एकेक नोट हातात ठेवून मोठ्याने सांगावी आणि शक्य तर कोरी द्यावी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये नोट ओळखणारे ‘मनी’ हे मोबाइल साधन काढले. ते फुकट आहे, शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये टाकून द्यावे.

काय करता येईल?

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी प्रथम अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढावे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आणि मर्यादित उत्पन्न असेल तर केंद्राच्या ‘अडिप’ योजनेतून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यामार्फत साधने मिळतात. त्यांत अशी काठीही आहे. केवळ यंत्र आणून उपयोग नाही, ते घेऊन चालण्याचे शिक्षण लागते. काठी न शिकता घेतलेले यंत्र म्हणजे पोहणे न शिकता घेतलेली होडी. सातपूरच्या संस्थेत जाऊन चौकशी करावी.

जकातीतून असे साधन घेता येईल काय, हे आम्ही आमच्या आलिमांना विचारले. पात्र गरजू माणसाच्या मालकीचे करून द्यावे, असे त्यांनी सांगितले. वाचकांनी आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे. रमजानात आम्ही साड्यांचे आणि लुंग्यांचे गठ्ठे वाटतो. त्यातील एका गठ्ठ्याच्या किमतीत एक माणूस वर्षभर स्वतःच्या पायांनी मशिदीत येऊ शकेल.

मशिदीच्या विश्वस्तांसाठीही एक सूचना आहे. दारात चपलांचा जो ढीग पडतो त्यात अंध माणूस पहिल्यांदा अडखळतो आणि निघताना स्वतःची जोडी शोधीत बसतो. दाराच्या एका अंगाला हातभर रस्ता मोकळा ठेवावा आणि एक खुंटी अशा नमाजींसाठी राखावी. याला खर्च शून्य आहे.

आमच्या ओळीत आम्ही काय केले ते सांगून लेख संपवितो. ती नळी आम्ही दुसऱ्याच दिवशी कापली. ओट्याच्या कडेला पिवळा पट्टा मारला आणि माल त्याच्या आत घेतला. शेजारच्या नऊ दुकानदारांना बसवून हेच मागितले. पाच जणांनी मानले. दोघे म्हणाले, सगळ्यांनी केले तर करू. दोघांनी साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. भाडे वाढले आहे, गिऱ्हाईक मोबाइलवर कपडे मागविते, माल बाहेर दिसला नाही तर दुकान आहे हेच कळत नाही. आमच्याही गल्ल्यात पहिल्या पंधरवड्यात फरक पडला. नंतर बायका-मुले ओट्यावर उभे राहून माल पाहू लागली, कारण उभे राहावयास जागा झाली. पूर्वीइतका धंदा झाला असे मात्र आज म्हणता येत नाही. ईदच्या सीझनला खरी परीक्षा होईल.

मास्टर आता असरला येतात. तीनशे दहापैकी शंभरएक पावले यंत्र सुरू असते, बाजार लागला की ते बंद करतात, आमच्या पिवळ्या पट्ट्यापाशी आले की पुन्हा सुरू करतात. सहा दुकानांएवढा रस्ता त्यांना मोकळा मिळतो. मग पुन्हा बंद. काल त्यांनी विचारले, ‘सेठ, बाकीचे चार केव्हा?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या चौघांपैकी कोणी हे पान वाचीत असेल तर त्यांनी एकदा डोळ्यांना रुमाल बांधून आपल्याच दुकानापुढून दहा पावले चालून पाहावे, एवढीच विनंती.

अल्लाह आम्हा सर्वांना दुसऱ्याची वाट मोकळी करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.